गार

उत्पला सांगते, तिच्या गावात
स्टेशनाला 'गार' म्हणतात.
मी म्हटलं, नशीब बाप्पा तुमचं,
इथं सेहेचाळीस चालू आहे.

मग तिनं फोन फिरवून दाखवलं सगळं.
पाटीच्या दगडाचं काळं छप्पर,
सात मिनिटं मागे असलेलं घड्याळ,
गावानं ते तसंच ठेवलेलं.
समोर एक बेकरी, नदी, बाकावर तीन म्हातारे,
आणि दिवसाला गाड्या चार.
चार? मग स्टेशनमास्तर करते काय दिवसभर?
"मास्तर नाही बाबा. मशीन आहे."
मी थोडा वेळ बोललोच नाही.

फलाटावर एक संगमरवरी फलक.
लढाईवर गेलेली पोरं, म्हणाली, इथूनच चढली.
एक आडनाव पाच वेळा.
ती वाचत गेली. शेवटचं अक्षर गिळत होती,
तिकडे तशीच रीत आहे म्हणे.
आणि मग सहज:
"आपलं कसं दिसतं हो, समोरून?"

एकतीस वर्षं पार्सल ऑफिसात काढली मी.
संत्रा मार्केटच्या अंगानं आत,
संत्रा मार्केटच्या अंगानं बाहेर.
समोरून?

दुसऱ्या दिवशी जेवण करून निघालो,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा.
ऑटोवाल्यानं विचारलं, कोणती गाडी काका?
म्हटलं, गाडी नाही, पाहायला चाललो.
रामझुला उतरेपर्यंत तो आरशातून
माझ्याकडेच पाहत होता.

दगड सावनेरचा, असं आम्ही ऐकत आलो.
उन्हात त्याचा रंग
ज्वारीच्या भाकरीच्या पाठीसारखा.
कमानी मोजायला लागलो,
सहावीला एक हमाल आडवा आला: सामान कुठं आहे?
पुन्हा पहिलीपासून.
हात लावून पाहिला. चटका बसला.
इतकी वर्षं माझा पगार या भिंतीतून आला
आणि तिला मी आज शिवलो.

फलक शोधला. आहेत तसे,
कुठं थुंकू नये, कुठं गाडी लावू नये.
नावांचा एकही नाही.
मग मीच म्हणत गेलो, तोंडातल्या तोंडात,
पार्सलच्या बंद खिडकीशी उभा राहून:
दौलत उईके, दोन करंड्या डोक्यावर, तिसरी कमरेला.
हिरामण बोकडे, बिल्टी वाचता येत नसे,
वासावरून सांगायचा, हा माल हावड्याला टिकणार नाही.
गुलाब मौंदेकर, हातमागाची लुगडी बुक करायचा,
मग कमी केली, मग स्वतःच बसला सुरतेच्या गाडीत
आणि परतीची बिल्टी फाडायला कधी आला नाही.
मौंदेकर तर पाचाहून जास्त गेले असतील.
कोणत्या लढाईवर, हे
संगमरवरात कसं लिहावं.

संत्रा मार्केटात मे महिन्यात संत्री नसतात.
आंब्याचे ढीग, गवत, एक झोपलेलं कुत्रं.
पण फुटक्या करंडीची एक पट्टी उचलून नाकाशी धरली,
आणि पुन्हा ठेवून दिली.

फलाट दोनवर दक्षिणेची गाडी लागली तेव्हा
पाणी पाजणारी मंडळी धावत होती.
एक बाई, घामानं निथळत, माझ्या हातात
प्लास्टिकचा जग कोंबून म्हणाली,
उभे काय राहता, तिकडचे डबे घ्या.
घेतले.
खिडकीखिडकीतून बाटल्या, ग्लास, एक टिफिनचं झाकण,
सळ्यांमधून जेवढं निघेल तेवढं.

जनरलच्या डब्यातून एक पोरगं,
केस खारटलेले, आवाज बसलेला:
"गार आहे का?"

जग हातात तसाच राहिला क्षणभर.
वर पत्रा तापून कडकडत होता,
निवेदनवाली तीन भाषांत उशीर सांगत होती,
आहे रे बाबा, म्हटलं,
आहे ना.
धर बाटली नीट.